मी औषध घेतलं

मी औषध घेतलं हे खरं आहे. कोणी विचारलं तर आजही चारचौघांत सांगते. पण गाव जे समजलं ते औषध वेगळं आणि मी घेतलं ते वेगळं, आणि या दोन औषधांच्या भानगडीत माझी चक्की हातची जायची वेळ आली होती.

मी सुभद्रा. भातकुलीपासून सात किलोमीटर आत, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. तिथली पिठाची चक्की मी अकरा वर्षं चालवत होते. सासरे खुशालराव वारले तेव्हा घरातल्या एकाही पुरुषाला पिठात माखून बसायचं नव्हतं. आमचे यजमान पंजाबराव चक्कीत शिरले की शिंकत सुटतात आणि धाकटा दीर कुलदीप याला केसांवर पीठ पडलेलं चालत नाही. मग मी किल्ली कमरेला खोचली ती खोचलीच. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी कधी लावायची, पट्टा कधी आवळायचा, कुणाच्या ज्वारीत खडे असतात आणि कुणाच्या बोलण्यात, हे सगळं मी तिथेच शिकले. घरी मी कुणाची तरी सून आणि कुणाची तरी बायको होते. चक्कीत मला लोक मालकीणबाई म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गोष्ट २००६ सालची. तेव्हा भारनियमनात आमच्याकडे लाईन सकाळी अकराला जायची आणि दुपारी तीनला यायची. चक्की चालू असताना एवढा आवाज असतो की शेजारी उभ्या माणसाशी खुणेनं बोलावं लागतं. अकराच्या ठोक्याला तो आवाज एकदम मरायचा. मार्चमधल्या एका सोमवारी अशीच लाईन गेली, पट्टा फिरत फिरत थांबला, आणि त्या शांततेत मला माझं काळीज ऐकू आलं. आधी वाटलं, चक्कीच अजून चालू आहे. मग कळलं, आवाज छातीतून येतोय. हातांना मुंग्या आल्या, घसा आवळला, अंगाला दरदरून घाम सुटला आणि एकच गोष्ट पक्की कळली, की मी आता मरणार.

मी ओट्यावर आले आणि ओरडले, "शकीलाबी, धाव वो, मी मरून राहिली!"

समोर ताहेरभाईचं गादी-रजईचं दुकान. शकीलाबी त्याची बायको, माझी मैत्रीण. ती हातातला कापूस तसाच टाकून धावत आली. तिनं मला पोत्यावर बसवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत सगळं जसं आलं तसं गेलं आणि मला लाज वाटायला लागली. गुरुवारी ते पुन्हा आलं. शनिवारी पुन्हा. मग मी साडेदहापासूनच घड्याळाला भ्यायला लागले, आणि भीतीनंच ते अकराच्या आधी यायला लागलं.

खरी पंचाईत पुढे झाली. "मी मरून राहिली" हे माझे शब्द रस्त्यावरच्या दहा जणांनी ऐकले होते.

ते दिवसच तसे होते. दोन वर्षांत आमच्या गावातली तीन माणसं गेली. त्यांची नावं घेत नाही, त्यांची लेकरं गावात आहेत. तिघांनी फवारणीचं औषध घेतलं होतं. आमच्याकडे कपाशीवर मारायच्या विषाला औषधच म्हणतात, आणि त्या काळात 'औषध घेतलं' म्हटलं की त्याचा दुसरा अर्थच उरला नव्हता. तापाची गोळी घेतली तरी माणूस 'गोळी खाल्ली' म्हणायचा, औषध हा शब्द टाळायचा. तिसऱ्या माणसानंतर शाळेतून रिटायर झालेल्या शालिकराम गुरुजींनी एक समिती केली. कोणी गप्प गप्प राहायला लागलं, जेवेनासं झालं, मरणाची भाषा बोललं की समिती त्याच्या घरी जायची, औषधाच्या बाटल्या उचलायची आणि जोडीला माणूस बसवायची. देवराव नावाच्या माणसाला त्यांनी असा वाचवला, अगदी शेवटच्या घटकेला. म्हणून मी समितीला सरसकट शिव्या देऊ शकत नाही. थोड्या दिल्या आहेत.

तर समिती माझ्या घरी आली. फवारणीच्या बाटल्या नत्थुजीच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर गेल्या. इथपर्यंत ठीक. पण विहिरीचा दोरही नेला आणि रॉकेलचा डबाही नेला. मी विचारलं, "पाणी कशानं काढू? आन् च्या कायच्यावर करू?" त्यावर गुरुजी म्हणाले, "च्या आमच्या घरून येईन."

"गुरुजी, मले झालं तरी काय?"

"सुभद्राबाई, तुमी मरतो म्हनल्या."

"मरतो म्हनलं. मराचं हाय असं कुठी म्हनलं? मले जगाचं हाय, म्हनून तर इतकी भेतो!"

"मनातलं मानूस सांगत नसते," गुरुजी म्हणाले. तेवढ्यावर त्यांनी विषय संपवला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे पाळीपाळीनं एक बाई. मी ज्वारी ओतली की ती पाहायची. मी परसाकडे गेले की ती खाकरत उभी राहायची. पंजाबरावांचं म्हणणं एवढंच, की टेन्शन घेऊ नको. कोणतं टेन्शन, ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. आमचं शेत त्या साली बरं पिकलं होतं, घरात कोणी आजारी नव्हतं. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटायची, की कारण नसताना हे येतं म्हणजे मला वेड लागत असणार.

शकीलाबीनं मात्र एक दिवस गादी शिवता शिवता सुई थांबवली. "माह्या भाचीले असंच व्हायचं, यास्मीनले. परीक्षेच्या हॉलमंदी. अमरावतीले एक डॉक्टरीन हाय, तिनं बरी केली. चल उद्या."

"अन् माह्या पहारेकरनीचं काय?"

"तिले सांगू, बांगड्या भराले जातो. बांगड्या भरनारी बाई मरत नाई, येवढं तर समितीले बी समजते."

आम्ही सकाळच्या बसनं गेलो. बसमध्येही माझं काळीज एकदा उसळलं. शकीलाबीनं माझा हात एवढा दाबून धरला की बांगड्या भरायच्या आधी हातातल्या होत्या त्या तिनंच फोडल्या.

डॉक्टर महेजबीन मॅडम वयानं माझ्याहून लहान, पण ऐकताना मध्ये बोलल्या नाहीत. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला पाठवलं. दुपारी कागद समोर ठेवून म्हणाल्या, "तुमचं हृदय चांगलं आहे. वेडही लागलेलं नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात, भीतीचा झटका. समोर वाघ आला तर शरीर जे करतं तेच सगळं होतं. काळीज जोरात पळतं, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात. फक्त वाघ नसतो."

"सेमाडोहच्या जंगलात जाऊन वाघ पाह्यला असता तं पटलं असतं," मी म्हणाले. "चक्कीत कुठचा वाघ?"

मॅडम हसल्या आणि चक्कीचं विचारत बसल्या. बोलता बोलता मलाच सुचलं. मी म्हटलं, मॅडम, आमच्या मोटारीला स्टार्टर असतो. मोटारीवर ताण आला की तो ट्रिप होतो, ते बरं असतं, नाहीतर मोटार जळेल. पण कधी कधी स्टार्टरच हळवा होतो. ताण नसतानाही ट्रिप होतो. मोटार शाबूत असते आणि माणूस उगाच मोटार खोलून बसतो.

"अगदी हेच," त्या म्हणाल्या. "मग ट्रिप झाल्यावर तुम्ही काय करता?"

"काई नाई. थांबतो. लगेच बटन दाबत बसलं तं बसत नाई ते. थंडं होऊ द्यावं लागते, मंग आपोआप बसते."

"मग झटक्यालाही तसंच करायचं. त्याच्याशी भांडायचं नाही आणि पळायचंही नाही. बसायचं, श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, आणि घड्याळ पाहायचं. दहा मिनिटांच्या आसपास तो सगळ्यात वर जातो आणि मग उतरतो. तुम्ही चक्की सोडून घरी बसलात तर मात्र तो तुमच्या घरी राहायला येईल." त्यांनी गोळ्याही लिहून दिल्या. रोज दुपारी जेवणानंतर एक. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, जरा झोप येईल, पण मनानं बंद करायची नाही, असं बजावलं.

मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून गाणं गुणगुणले. शकीलाबी म्हणाली, "बस कर बाई, लोक उतरून जातीन."

दुसऱ्या दिवशी पंजाबराव अकोटला गेले होते, माझ्या नणंदेकडे, आरतीकडे, तिच्या मुलीच्या बारशाला. अकराला लाईन गेली. पहाऱ्याच्या पाळीची बाई जेवायला घरी गेली. मी अर्धी भाकर खाल्ली, पहिली गोळी घेतली आणि चक्कीच्या ओट्यावर रिकाम्या पोत्यांवर आडवी झाले. तेवढ्यात शेजारून नत्थुजीचा आवाज आला. गावातला फोन त्याच्याच दुकानात. रिसीव्हर कानाला लावूनच तो ओरडला, "वहिनी! अकोटहून पंजाबरावचा फोन हाय! काय करून राह्यल्या, इचारते!"

आणि मी, देवा शप्पथ, डोळे मिटूनच उत्तर दिलं, "सांगा त्याईले, मी औषध घेतलं! आता निवांत झोपतो!"

नत्थुजीच्या हातातून रिसीव्हर पडला, तो मोजून तीन दिवस बंद होता. अकोटला पंजाबरावांनी एवढंच ऐकलं, "अरे, वहिनीनं औषध घेतलं!" आणि मग खरखर.

पुढच्या पाच मिनिटांत ओट्यावर सत्तर माणसं होती. मी काय बोलले हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी गोळ्यांची पट्टी हातात धरून नाचवत होते आणि कोणी बघायला तयार नव्हतं. दोघींनी माझे हात धरले. देवराव मिठाच्या पाण्याचा गडवा घेऊन आला. हा तोच देवराव, समितीनं वाचवलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पेऊन घ्या वहिनी," तो म्हणत होता, "मले बी असंच पाजलं होतं. पेऊन घ्या, तुमच्या पाया पडतो." त्याच्याकडे पाहून माझी शिवी तोंडातच राहिली. त्या एका माणसासाठी मी ते पाणी प्याले. आमच्या बोअरचं पाणी मुळातच खारट, त्यात त्यानं मूठभर मीठ घातलेलं. गोळी, भाकर, आदल्या दिवशीचा अमरावतीचा आलुबोंडा, सगळं बाहेर आलं.

मला दवाखान्यात न्यायला जीप आली तेव्हा शकीलाबी विहिरीवरून धावत पोचली. तिनं माझ्या मुठीतून पट्टी ओढली आणि सगळ्यांच्या तोंडासमोर धरली. "औषध म्हंजे हे औषध! डॉक्टरीनचं! अकल घरी ठेवून आले का सगळे?"

 कोणीतरी हसलं, कोणी रडलं, देवराव तिथेच मटकन बसला. मला वाटलं, चला, संपलं. पण गुरुजींनी चष्मा लावून पट्टी वाचली, डॉक्टरीणबाईंचा कागद वाचला, आणि म्हणाले, "हे तं डोक्याचं औषध हाय."

झालं. विषापेक्षा हे वाईट निघालं. विष घेतलेल्या बाईसाठी गाव रडलं असतं. डोक्याचं औषध घेणारी बाई चालत्या पट्ट्यापाशी कशी ठेवायची, याचीच चर्चा सुरू झाली. पदर अडकला तर? भोवळ आली तर? लहान लेकरं दळण घेऊन येतात, त्यांना काही झालं तर? पंजाबराव चार वाजता मिळेल त्या गाडीनं परत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला जिवंत पाहून त्यांनी आधी भिंतीला हात टेकला. मग गुरुजी त्यांच्या कानाशी बोलले. आणि माझ्या नवऱ्यानं, ज्यानं अकरा वर्षांत चक्कीचा उंबरा ओलांडला नव्हता, माझ्याकडे हात पसरला. "किल्ली दे, सुभद्रा. तुह्यासाठीच म्हनतो."

मी दिली. सत्तर माणसांसमोर नवऱ्याचा हात रिकामा परतवायचं मला जमलं नाही. त्या दिवशी जेवढा राग मला आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला अर्धा माझ्या स्वतःवर होता.

चक्की कुलदीपकडे गेली. मिरची नेहमी शेवटी दळायची, नंतर दगड धान्य टाकून साफ करायचा, हे चक्कीतल्या उंदरालाही माहीत. कुलदीपनं भर सकाळी कुणाची तरी पाच किलो मिरची दळली आणि त्याच दगडावर निम्म्या गावाचा गहू. त्या दिवशी गावात पोळीसोबत भाजीची गरज पडली नाही. लेकरं 'हाय हाय' करत फिरत होती. मला हसू आलं नाही असं नाही, पण किल्ली परत येईना. कुलदीपची चूक म्हणजे चूक, माझा मात्र आजार, असा तो हिशेब.

घरी बसून मी दोन कामं केली. गोळी रोज घेतली, पाळीच्या बाईला पट्टी दाखवून घेतली. आणि रोज अकराला अंगणात बाजेवर बसले. आमच्या घरापर्यंत चक्कीची टुकटुक ऐकू येते. अकराला ती थांबायची, आणि ती थांबली की माझं सुरू व्हायचं. पहिल्या दिवशी मी तीनदा उठून दारापर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी बाजेची कडेची पाटी दोन्ही हातांनी धरून ठेवली. श्वास सोडताना मनात ज्वारीचं पायलीभर दळण ओतायचे, सावकाश, धार तुटू न देता. भिंतीवरच्या घड्याळात सोळा मिनिटं झाली. मग चौदा. मग अकरा. एक दिवस आलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट आलं. पण मेले एकदाही नाही. याची मात्र मी नोंद ठेवत होते.

पंधराव्या दिवशी पावणेअकराला मी उठले आणि चक्कीवर गेले. पाळीची बाई मागून "अवं, अवं" करत आली. बायका डबे घेऊन रांगेत होत्या. पंजाबराव कुलदीपनं बिघडवलेली कामं निस्तरायला तिथेच होते, शिंकत. गुरुजीही दळणाला आले होते, गोणपाटावर बसून वर्तमानपत्र वाचत.

मी म्हणाले, "किल्ली पायजे."

गुरुजींनी पेपर घडी केला. "सुभद्राबाई, तुमच्या भल्यासाठीच—"

"माह्यं भलं मले इचारून करा. तुमाले भेव कायचं वाटते? पट्ट्यापाशी झटका आला तं? तं मी लाल बटन दाबतो आन् पोत्यावर बसतो. येवढंच हाय ते. तुमी पाह्यलं नाई म्हनून तुमाले वाघ वाटते. अकरा वाजून राह्यले. लाईन जाते. थांबा आन् पाहा."

आणि लाईन गेली. पट्टा फिरत फिरत थांबला. मी काही मुद्दाम आणलं नाही, पण एवढी माणसं, तोच ओटा, तीच शांतता, त्याला यायचंच होतं. ते आलं. कुणीतरी "माय वो!" म्हणालं. देवराव पाण्याकडे धावला.

"कोनी हात लावू नका!" मी पोत्यावर बसत म्हणाले. "देवरावभाऊ, मीठ ठेवा घरी. गुरुजी, तुमच्या हातात घड्याळ हाय. पाहा किती वाजले."

"अकरा... अकरा वाजून दोन."

"मोजा. आता माह्या हाताले मुंग्या आल्या. काळीज पाहा कसं पळून राह्यलं, दिसते ना, पदर हालते? आता वाटून राह्यलं का मी मरतो. पक्कं वाटून राह्यलं. दर वेळी वाटते." माझा आवाज थरथरत होता आणि मी तो थरथरू दिला. "आता घसा आवळला. बोलता येत नाई असं वाटते, पन मी तं बोलूनच राह्यली. किती झाले?"

"चार मिन्टं," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

मग मी बोलले नाही. श्वास सोडत राहिले, ज्वारी ओतत राहिले. वीस बायका, डबे मांडीवर घेऊन, हूं की चूं न करता माझ्याकडे पाहत होत्या. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि तरीही मी तिथून उठले नाही, याचा मला आजही गर्व आहे. शकीलाबी समोर तिच्या ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती. ती आली नाही. तिनं यायचं नाही हे तिला माहीत होतं.

"किती?"

"नऊ."

मुंग्या बोटांच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथून उतरल्या. घाम थंड लागायला लागला. मी पदरानं तोंड पुसलं आणि उठून उभी राहिले. 

"किती झाले गुरुजी?"

"बारा मिन्टं."

"मेली का मी?"

 रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "नाई वो बाई, जित्ती हायेस. आता माह्यं दळन कवा करतं?"

पंजाबराव उठले, कुलदीपच्या खिशात हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. माझ्याकडे पाहायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "घे," ते म्हणाले, "पंधरा दिवसांपासून कनकीत तिखट लागून राह्यलं." एवढीच त्यांची माफी. मी घेतली. किल्ली आणि माफी दोन्ही कमरेला खोचली.

गुरुजी मात्र तिथेच उभे होते, हातातल्या घड्याळाकडे पाहत. सगळे पांगल्यावर हळूच म्हणाले, "मुंग्या दोनी हाताले येते, का येकाच?" मी म्हणाले, दोन्ही. त्यांनी मान हलवली आणि दळण न घेताच गेले.

त्या दिवसापासून मी एक रिवाज पाडला. बारा वाजता भाकर खाल्ली की ओट्यावर उभी राहून ओरडायचे, "नत्थुजी! मी औषध घेतलं हो!" पहिल्या दिवशी त्याच्या हातातून साखरेचा पुडा पडला. आठ दिवसांनी तो ओरडायला लागला, "बरं केलं वहिनी!" महिन्याभरात रस्त्यावरून जाणारी माणसंही विचारायची, "घेतलं का वो औषध?" गुरुजी एकदा म्हणाले, असा शब्द चारचौघांत ओरडू नये. मी म्हणाले, "तो शब्द काय समितीच्या मालकीचा हाय? तिघाईनं नेला, तो मी परत आनून राह्यली."  झटके हळूहळू कमी झाले. महिन्यातून एखादा यायचा, पोत्यावर बसायचा, जायचा.

आणि मग सप्टेंबर आला. कपाशीवर फवारण्या सुरू होत्या, हवेत तो उग्र वास होता. एका दुपारी लाईन गेलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मी एकटीच दगडाला टाकी लावत बसले होते. दारात सावली पडली. शालिकराम गुरुजी. हातात दळणाचा डबा नाही. चेहरा घामानं ओला, ओठ कोरडे.

"सुभद्राबाई," ते म्हणाले. "मी बी औषध घेतलं."

माझ्या हातातली टाकी दगडावर पडली. मी कशी उठले मला आठवत नाही. शब्द परत आणणारी, रोज ओट्यावरून गर्जना करणारी मी, गुरुजींचा सदरा धरून किंचाळले, "शकीलाबी! मीठ आन, मीठ! गुरुजीनं औषध—"

गुरुजींनी घाबरून मूठ उघडली. मुठीत गोळ्यांची पट्टी होती. माझ्यासारखीच. तिच्यातली एक गोळी काढलेली.

"महेजबीन मॅडमची हाय," ते म्हणाले. "अमरावतीले गेलतो. कोनाले सांगतलं नाई. चार वर्षांपासून होते मले, समिती केली त्याच्या आधीपासून. तुमालेच पयल्यांदा सांगून राह्यलो."

मी पट्टी हिसकावली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग मी त्यांना जे बोलले ते मास्तरांना बोलू नये असं होतं. शेवटी म्हणाले, "अन् यापुढं आधी पट्टी दाखवत जा, मंग तोंड उघडत जा!"

समोरून शकीलाबी खरंच मिठाची बरणी घेऊन आली होती. तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं, काय ते समजली आणि बरणी तशीच परत घेऊन गेली.

मी पोत्यावर बसले. माझं काळीज पळत सुटलं होतं, हातांना मुंग्या येत होत्या. गुरुजी शेजारी बसले, त्यांनी काही न विचारता मनगटावरचं घड्याळ काढलं आणि आम्हा दोघांच्या मध्ये पोत्यावर ठेवलं.